निपाणीची विडी आणि चित्र काढणारे यंत्र

निपाणीच्या एखाद्या जुन्या गल्लीत दुपारच्या वेळी शिरले, म्हणजे उघड्या दारातून एक देखावा हमखास दिसतो. सोप्यात भुईवर बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कातरलेली तेंदूची पाने, शेजारी कातरी आणि दोरा; तोंडाने शेजारणीशी बोलणे चाललेले आणि बोटे मात्र आपल्या लयीत विड्या वळत असलेली. हा देखावा ज्याने लहानपणापासून पाहिला आहे, त्याच्यापुढे ‘विडी कामगार’ हे दोन शब्द उच्चारताच तो जसाच्या तसा उभा राहतो. शब्दांवरून चित्र काढून देणाऱ्या यंत्राला मात्र हेच दोन शब्द दिले, तर बहुधा तोंडातून धूर सोडणारा एखादा सुरकुतलेला म्हातारा समोर येतो, नाहीतर एखाद्या कारखान्यातील लांबलचक टेबल आणि त्याभोवती ओळीने उभी असलेली माणसे. पुढे ‘निपाणी’ असे गावाचे नाव जोडले, तरी म्हाताऱ्याच्या डोक्यावर फेटा येण्यापलीकडे फारसा फरक पडत नाही.

यंत्राला काही कळत नाही, असे म्हणून पुष्कळ जण येथेच नाद सोडतात. दुसरे काही जण त्याच दोन शब्दांवर पुन्हा पुन्हा कळ दाबतात आणि दैवावर हवाला ठेवून बसतात. वीस चित्रांत एखादे बरे निघाले की त्यांना आनंद होतो. ते का निघाले आणि बाकीची एकोणीस का बिघडली, हे त्यांना सांगता येत नाही. वास्तविक या यंत्राला काम सांगण्याची एक रीत आहे, आणि ती चित्रकाराला काम सांगण्याच्या रीतीहून फार निराळी नाही.

बेळगावला हे नव्याने सांगावे लागू नये. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली या शहरात चित्रकार तयार झाले. बेळगावातच १९३५ साली जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. पुढे परांजपे यांनी बोधचित्रकार म्हणून देशभर नाव मिळवले. बोधचित्रकाराकडे काम घेऊन जाणाऱ्या माणसाला आधी पुष्कळ प्रश्नांना तोंड द्यावे लागते. चित्र उभे हवे की आडवे? कोठे छापायचे? प्रसंग सकाळचा की दिवेलागणीचा? बाईचे वय काय? ती कोणत्या घरातली? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून जाणता चित्रकार कुंचला उचलत नाही. परांजपे २०२२ साली निवर्तले. योगायोग असा की, त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘मिडजर्नी’ आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही चित्रयंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. या यंत्रांचा आणि चित्रकाराचा पहिला भेद हाच, की यंत्र प्रश्न विचारत नाही. जे सांगितले नाही, ते यंत्र आपल्या मनाने, म्हणजे सरासरीने भरून काढते. यंत्राच्या पडद्यावर जी सेटिंगे दिसतात, ती या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवण्याची सोय होय.

ही सरासरी येते कोठून? पूर्वी दूरदर्शनचे प्रक्षेपण थांबले, म्हणजे पडद्यावर काळ्यापांढऱ्या मुंग्या नाचत. यंत्राला शिकवताना असंख्य चित्रांवर अशाच मुंग्या थोड्या थोड्या करून सोडल्या जातात आणि कोणती मुंगी उपरी आहे, हे ओळखण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला जातो. सराव पुरा झाला, की त्याच्यापुढे नुसत्याच मुंग्या ठेवतात आणि त्यांत दडलेले चित्र साफ करून दाखव, असे सांगतात. चित्र अर्थातच तेथे नसते. यंत्र मुंग्या पुसत जाते, प्रत्येक पुसण्यागणिक दिलेल्या शब्दांकडे पाहते, आणि त्या शब्दांशी जुळणारे काही तरी हळूहळू पडद्यावर आकाराला येते.

शब्द आणि चित्र यांची सांगड यंत्राने घातलेली असते, ती महाजालावरील चित्रांखाली लिहिलेल्या ओळींवरून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लायन’ या चित्रसंग्रहात चित्र आणि मजकूर यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटी जोड्यांचा मजकूर इंग्रजी होता. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या पहिल्या आवृत्त्या मुख्यतः याच इंग्रजी भागावर पोसल्या गेल्या. निपाणीच्या सोप्यातील बाईचे छायाचित्र काढून त्याखाली सूप, पाने आणि दोरा यांची नावे इंग्रजीत लिहून ठेवणारे किती निघणार? तेव्हा ‘निपाणी’ हा शब्द यंत्राच्या लेखी जवळजवळ रिकामा असतो, आणि रिकाम्या शब्दाने चित्र बदलत नाही.

तंबाखूच्या शेताचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. निपाणी भागातील विडीची तंबाखू काळ्या रानात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावतात. शेंडा खुडतात, फुटवे काढतात आणि कापलेले पीक उन्हात वाळवतात. पुढे माल वखारीत जातो. ‘तंबाखूचे शेत आणि वखार’ एवढेच यंत्राला सांगितले, तर अमेरिकेतील पुरुषभर उंचीची झाडे आणि तांबड्या फळ्यांचे उंच कोठार उगवण्याचा संभव अधिक, कारण त्या शब्दांखाली त्याने पाहिलेली बहुतेक चित्रे तिकडची. चित्र सुबक असते. पण ते निपाणीचे नसते, आणि परक्या माणसाला तर हा फरक मुळीच कळत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे नाव सोडून रूप सांगणे. प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यावयाचा मजकूर, लिहिताना ‘विडी कामगार’ या शब्दांच्या जागी डोळ्यांना दिसणारी वस्तू लिहावी: मध्यम वयाची स्त्री, नऊवारी लुगडे, सारवलेल्या भुईवर बसलेली, मांडीवर वेताचे पसरट सूप, सुपात वाळक्या पानांचे लहान लहान तुकडे आणि तपकिरी चुरा, बोटांमध्ये अर्धवट गुंडाळलेले पान, वर कौलारू छप्पर, डावीकडच्या दारातून येणारे दुपारचे ऊन, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेले छायाचित्र. यात निपाणीचे नाव कोठेच नाही आणि तरीही येणारे चित्र निपाणीच्या पुष्कळ जवळ जाते. ज्याने तो सोपा नीट पाहिलेला नाही, त्याला हे वर्णन लिहिता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

वर्णनाच्या क्रमालाही महत्त्व आहे. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील शब्दवाचक भाग एका वेळी फक्त ७७ तुकडे वाचतो. साधा इंग्रजी शब्द बहुधा एकाच तुकड्यात मावतो. देवनागरी शब्दाचे मात्र अनेक तुकडे पडतात, त्यामुळे मराठी वाक्य अर्ध्यावर येताच जागा संपते आणि पुढचे शब्द वाचलेच जात नाहीत. म्हणून या यंत्रांशी इंग्रजीतच बोलावे लागते आणि मुख्य वस्तू आरंभी सांगावी लागते. अलीकडची यंत्रे मराठी वाक्य पुष्कळ चांगले समजतात. पण भाषा समजणे निराळे आणि सूप पाहिलेले असणे निराळे.

आता सेटिंगांकडे वळू. त्यांतील पहिले ‘सीड’, म्हणजे बीज. हा केवळ एक आकडा असतो. आरंभीच्या मुंग्या कशा मांडल्या जातील, हे तो ठरवतो. आकडा दिला नाही, तर यंत्र प्रत्येक वेळी नवा आकडा घेते, आणि म्हणूनच त्याच शब्दांवर दर वेळी निराळे चित्र येते. तेच यंत्र, तोच मजकूर, तीच सेटिंगे आणि तेच बीज असेल, तर चित्र तेच येते. शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोन खतांची तुलना करायची, तर रान आणि बियाणे एकच ठेवावे लागते. दोन्ही बदलून पीक वाढले, तर श्रेय कोणाचे? चित्राच्या बाबतीत लोक नेमकी हीच चूक करतात. मजकूर बदलतात, आकार बदलतात, बीज तर आपोआप बदलतच असते, आणि मग कशाने काय झाले याचा पत्ता लागत नाही. एक बरेसे चित्र निघाले की त्याचे बीज टिपून ठेवावे, ते कायम करावे आणि एका वेळी एकच गोष्ट हलवावी. उन्हाच्या जागी कंदिलाचा उजेड लिहिल्याने काय होते, ते तेव्हाच दिसते.

दुसरे सेटिंग ‘गायडन्स’. काही ठिकाणी त्याला ‘सीएफजी’ म्हणतात. सर्वांत अधिक गैरसमज याच्याविषयी आहे, तेव्हा येथे थोडे थांबणे बरे. मुंग्या पुसताना यंत्र प्रत्येक पायरीवर दोन अंदाज बांधते: एक दिलेले शब्द लक्षात घेऊन आणि दुसरा शब्द बाजूला ठेवून. या दोहोंमध्ये जो फरक पडतो, त्याला गायडन्सच्या आकड्याने गुणतात आणि चित्र त्या दिशेने ढकलतात. ‘स्टेबल डिफ्यूजन’मध्ये हा आकडा सामान्यतः ७ किंवा साडेसातच्या आसपास ठेवलेला असतो. तो २-३ पर्यंत उतरवला, तर यंत्र शब्दांना फारसे जुमानत नाही. चित्र मऊ, कधी कधी सुंदरही येते, पण सुपाच्या जागी परात येते. उलट १५-२० पर्यंत चढवला, तर यंत्र प्रत्येक शब्दाला घट्ट धरून बसते. रंग भडक होतात, कडा करकरीत होतात, चेहऱ्यावर तेल चोपडल्यासारखी चकाकी येते. मजकूर मोघम असताना आकडा चढवणे, म्हणजे न समजलेल्या माणसाला तेच वाक्य ओरडून सांगणे होय. सूप येत नसेल, तर आधी सुपाचे वर्णन सुधारावे. आकड्याला हात नंतर लावावा.

याच हिशेबात ‘नको’चा रकाना बसतो. वर सांगितलेल्या दोन अंदाजांपैकी शब्दांवाचून केलेल्या अंदाजाच्या जागी नको असलेल्या वस्तूंचा अंदाज ठेवतात, म्हणजे चित्र त्या वस्तूंपासून दूर ढकलले जाते. धूर, ओठांतील विडी, टेबल, कारखाना हे शब्द या रकान्यात लिहिले, की म्हातारा निघून जातो. हीच गोष्ट मुख्य मजकुरात ‘धूर नसावा’ अशी लिहिली, तर जुनी यंत्रे ‘धूर’ एवढाच शब्द उचलतात आणि सोपा धुराने भरून टाकतात. नकार त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. ‘मिडजर्नी’त हेच काम मजकुराच्या शेवटी दोन आडव्या रेघा आणि ‘नो’ हा शब्द लिहून होते. काही नव्या यंत्रांत असा रकानाच ठेवलेला नाही. तेथे हवे तेच अधिक नेमके सांगावे लागते.

पायऱ्यांच्या संख्येविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वीस ते तीस पायऱ्यांत चित्र बहुधा स्थिरावते. शंभर केल्याने वेळ जातो, चित्र तेच राहते. आकाराची गोष्ट मात्र महत्त्वाची. ‘स्टेबल डिफ्यूजन’ची पहिली आवृत्ती ५१२ बिंदू लांब आणि तितक्याच रुंद अशा चौरस चित्रांवर शिकलेली, २०२३ साली आलेली मोठी आवृत्ती १०२४ बिंदूंच्या चौरसावर. पहिल्या यंत्राकडे दुप्पट उंचीचे चित्र मागितले, की ते एकाच बाईला दोन डोकी देते, नाहीतर एकीवर एक अशा दोन बाया बसवते, कारण त्याच्या लेखी तेथे दोन चौरस असतात. म्हणून आधी यंत्राला मानवेल त्या आकारात चित्र काढावे आणि मग ते मोठे करण्याच्या स्वतंत्र साधनाने वाढवावे. उभे-आडवे प्रमाणही आधीच ठरवावे. बसलेली बाई आणि दारातले ऊन आडव्या चौकटीत मावते. उभी चौकट दिली, तर यंत्राला वरची रिकामी जागा भरावी लागते आणि छपराला नसलेले झुंबर लटकू लागते.

‘मिडजर्नी’त आणखी दोन आकडे आहेत. ‘स्टायलाइझ’ हा ० ते १००० पर्यंत जातो आणि न सांगितल्यास १०० असतो. तो जितका मोठा, तितके यंत्र आपल्या आवडीने चित्र सजवते. ‘केऑस’ ० ते १०० असतो. तो वाढवला, तर एका मागणीवर येणारी चार चित्रे एकमेकांपासून अधिक भिन्न होतात. काय हवे हे ठरलेले नसताना दुसरा आकडा वाढवून पाहावा, ठरल्यावर खाली आणावा. पहिला मात्र आपल्या गावचे चित्र काढताना कमीच बरा. सजावटीचा सोस वाढला, की सारवलेली भुई संगमरवरी होते आणि विड्या वळणारी बाई लग्नाला निघाल्यासारखी नटते.

तथापि वर्णन कितीही नेमके केले, तरी काही वस्तू शब्दांनी साधत नाहीत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे १२०४ साली रट्टांच्या काळात बांधलेले जैन मंदिर. त्याच्या मंडपाच्या छतात कोरलेले दगडी कमळ पाहण्यासाठी लोक मान वर करून उभे राहतात. ‘दक्षिणेतील प्राचीन दगडी मंदिर’ असे लिहिले, की यंत्र तमिळनाडूतील उंच गोपुर उभे करते. कमळ लिहिले, तर तळ्यातील फूल आणते. अशा वेळी शब्दांचा हट्ट सोडून स्वतः काढलेले छायाचित्र यंत्राला द्यावे आणि त्यावरून चित्र मागावे. येथे ‘स्ट्रेंग्थ’ हे सेटिंग कामाला येते. ते शून्य ते एक यांच्या दरम्यान असते. मूळ छायाचित्रावर किती मुंग्या सोडाव्यात, हे ते सांगते. ०.३ ठेवले, तर छताची घडण शाबूत राहून फक्त रंग आणि पोत बदलतो, ०.८ ठेवले, तर मूळ छायाचित्राची जेमतेम आठवण उरते आणि कमळाच्या पाकळ्या यंत्र आपल्या अंदाजाने घालते. एखाद्या वस्तूची पंधरा-वीस छायाचित्रे देऊन यंत्राला तेवढ्यापुरती शिकवणी देण्याचीही सोय आहे. निपाणीचे सूप आणि विडीचा कट्टा त्याला एकदा अशा रीतीने शिकवता येतो. त्यासाठी बरा संगणक आणि चिकाटी दोन्ही लागतात. फोटोतल्या बाईची संमती त्याआधी लागते, हे वेगळे सांगायला नको. पण सांगितलेले बरे.

गेल्या काही वर्षांत संवादाने चालणारी यंत्रे पुढे आली आहेत. २०२३ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’त चित्रे काढण्याची सोय आली, तेव्हापासून पुष्कळांना ही सेटिंगे दिसेनाशीच झाली. माणूस चार शब्द सांगतो, मधले यंत्र त्या चार शब्दांचे आपल्या मनाने चाळीस शब्द करते आणि चित्रयंत्राच्या हवाली करते. सोय मोठी आहे. परंतु मधल्या चाळीस शब्दांत काय घातले गेले, हे विचारून घेणारा विरळा. तेथे ‘उजेड डावीकडून, चित्र आडवे, बाकी काही बदलू नको’ असे वाक्यातच बजावावे लागते. सेटिंगे गेलेली नाहीत. त्यांना बोलण्याचे रूप आले आहे इतकेच.

आणि येथेच एका निराळ्या गोष्टीचा विचार करावा लागतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. २०२४ साली त्याची शताब्दी झाली. शाळेतील भित्तिपत्रकासाठी किंवा स्मरणिकेसाठी या अधिवेशनाचे चित्र कोणाला हवे असणे स्वाभाविक आहे, आणि यंत्र ते अर्ध्या मिनिटात देते. मजकुरात ‘जुने छायाचित्र’ असे लिहिले, की कागद पिवळा होतो, कोपरे दुमडतात, ओरखडे पडतात. या ओरखड्यांमुळे चित्राला पुराव्याची कळा येते. पण व्यासपीठावर फडकणारा ध्वज मात्र केशरी, पांढरा आणि हिरवा, मध्ये अशोकचक्र असलेला येण्याचा संभव फार. तो ध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला गेला; १९२४ साली काँग्रेसजनांच्या हाती होता तो पांढरा, हिरवा आणि तांबडा, चरख्याचे चिन्ह असलेला. करड्या छायाचित्रात रंग दिसत नसल्याने चूक लपते, चक्र तेवढे दिसते, आणि मुलांना ते ओळखीचे वाटते. असे चित्र उद्या महाजालावर चढले आणि त्याखाली कोणी ‘बेळगाव, १९२४’ असे लिहिले, तर पुढचे यंत्र तेच चित्र पाहून शिकेल. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाचे, ज्यात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले, असेच एखादे ‘जुने छायाचित्र’ कोणी तयार केले, तर त्याचा परिणाम भित्तिपत्रकापुरता राहणार नाही.

तेव्हा गेलेल्या काळाचे चित्र यंत्राकडून काढून घ्यायचेच असेल, तर ‘छायाचित्र’ हा शब्द ‘नको’च्या रकान्यात टाकावा आणि मजकुरात ‘जलरंगातील बोधचित्र’ असे लिहावे, म्हणजे चित्र स्वतःच आपण कल्पना असल्याचे सांगेल. ध्वजाचे वर्णन चरख्यासह करावे. चित्राखाली यंत्रनिर्मित असल्याची नोंद ठेवावी, आणि यंत्राचे नाव, मजकूर, बीज व तारीख वहीत टिपून ठेवावी. कोणी विचारले, तर तेच चित्र पुन्हा काढून दाखवता येते. अधिवेशनाची खरी छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीरही टिळकवाडीत आहे, आणि तिच्याकडे जायला वाट कोणालाही विचारता येते.